जोड सतरा, गट ब

गोलभाऊंचं खरं नाव काही गोल नव्हतं, आणि अंगानंही ते काडीपैलवान होते. पण रबरी शिक्के कोरणाऱ्याच्या धंद्यात दोनच आकार चालतात. गोल शिक्का संस्थांचा आणि कचेऱ्यांचा. चौकोनी शिक्का सहीखालच्या नावाचा, हुद्द्याचा आणि 'पावले', 'रद्द', 'तातडीचे' असल्या किरकोळ शब्दांचा. उस्तादांच्या कारखान्यात एकाच बाकावर दोन शागीर्द बसत. एकाचा हात गोलात बसला, दुसऱ्याचा चौकोनात. उस्तादांना नावं लक्षात ठेवायचा कंटाळा, म्हणून एक झाला गोल आणि दुसरा झाला चौकोन. पुढे दोघांच्या बायकामुलांनीसुद्धा तेच धरलं.

उस्तादांचा एकच कडक नियम होता. रेघ मारून झाली की पेन्सिल कानावर. ती बाकावर दिसली तर बोटांवर फूटपट्टी, कारण बाकावरची पेन्सिल रबराच्या भुशात जाते आणि मग अर्धा दिवस शोधाशोध. बारा वर्षांत ही सवय दोघांच्या हाडीमांसी इतकी मुरली, की गोलभाऊंनी लग्नाच्या नोंदवहीत सही केली आणि नोंदणी अधिकाऱ्याचं पेन तसंच कानावर चढवलं. नव्या नवरीनं पहिलं काम काय केलं असेल, तर नवऱ्याच्या कानावरचं पेन काढून अधिकाऱ्याला परत दिलं. संसाराची सुरुवात अशी झाली.

दोघांनी मिळून दुकान काढलं. चांगलं चाललं होतं. मग एक दिवस गोड बोलणारं एक गिऱ्हाईक आलं, त्यानं 'मूळ प्रतीप्रमाणे' असा चौकोनी शिक्का मागितला, आणि चौकोननं कचेरीचं पत्र न बघता तो करून दिला. त्या शिक्क्यावर शे-दीडशे खोटे दाखले निघाले. गिऱ्हाईक हवेत विरलं, चौकोन चौदा महिने तुरुंगात गेला आणि त्याचा शिक्के बनवायचा परवाना रद्द झाला. सुटून आल्यावर त्यानं पाट्या रंगवायला घेतल्या. 'येथे वाहन लावू नये', 'फुले तोडू नयेत', 'आवाज करू नये'. जगाला काय करू नये ते सांगण्यावर त्याचं पोट चालू लागलं.

त्याच सुमाराला गुन्हेशास्त्र विभागातून एक तरुण बाई दुकानात आल्या. त्यांच्याकडे एक सिद्धान्त होता. माणूस एकदा घसरला की घसरतच राहतो, फक्त पुढची घसरण लहान लहान होत जाते, इतकी लहान की कुणाच्या डोळ्यात येत नाही. तो सिद्ध करायला त्यांनी एक पद्धत काढली होती. प्रत्येक घसरलेल्या माणसासमोर एक न घसरलेला उभा करायचा. वय तेच, शिक्षण तेच, गल्ली तीच, धंदा तोच, मोहाची संधीही तीच. दरवर्षी दोघांना तेच एकेचाळीस प्रश्न विचारायचे.

"तुम्ही जोड सतरा," बाई म्हणाल्या. "ते गट अ, तुम्ही गट ब."

"मी ब का?" गोलभाऊंना ते लागलंच. शाळेतही ते ब तुकडीत होते.

"अ मध्ये गुन्हेगार असतात."

"मग ब चालेल," गोलभाऊ म्हणाले.

विभागानं त्यांना चौकटीतलं एक मानपत्र दिलं. 'तुलनेसाठी निवडलेले प्रामाणिक नागरिक.' गोलभाऊंनी ते गल्ल्याच्या वर, येणाऱ्याची पहिली नजर जाईल अशा ठिकाणी टांगलं. गिऱ्हाईक वाचे आणि निर्धास्त होई. गल्लीत कुणाचं भांडण झालं, तर साक्षीला गोलभाऊंना नेत. त्यांनी काही बघितलेलं नसलं तरी चालत असे. माणूस तपासलेला आहे, एवढं पुरे होतं.

वर्षं गेली. बाई आता मॅडम झाल्या, विभागप्रमुख झाल्या, केस पांढरे झाले, सिद्धान्त मात्र होता तसाच काळाभोर राहिला. दरवर्षी एका ठरलेल्या सोमवारी दोघं मित्र दुसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक व्हरांड्यात बाकावर बसत. दहा वाजता अ आत, साडेदहाला ब. आत लोखंडी कपाटं, काच टाकलेलं टेबल, पेल्यात दोन पेनं आणि बोटाला रबरी टोपी घातलेला कारकून. पेनांवर पांढऱ्या अक्षरात 'गुन्हेशास्त्र विभाग' छापलेलं. कारकून दोन पेनं मोजून देई आणि संध्याकाळी मोजून घेई. हा माणूस टाचण्यासुद्धा मोजून देत असे.

प्रश्न नववा असा होता: 'गेल्या बारा महिन्यांत आपण दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली आहे काय?' गोलभाऊ 'कधीच नाही' यापुढच्या चौकटीत अशी दाबून खूण करत, की ती खालच्या दोन कागदांवर उमटे. तेवीस वर्षं उमटत होती.

तेविसाव्या वर्षी भानगड झाली. झालं असं, की पाट्या रंगवून कंटाळलेल्या चौकोनला मरायच्या आधी एकदा तरी पुन्हा शिक्का कोरायचा होता. परवाना कचेरीत त्याला सांगितलं, सुधारल्याचा दाखला आणा, परवाना घेऊन जा. आता सुधारल्याचा दाखला कोण देणार? ज्यांनी बावीस वर्षं आपल्याला मोजलं तेच, असं म्हणून त्यानं मोठ्या आशेनं विभागाकडे अर्ज केला. मुलाखतीच्या आठ दिवस आधी उत्तर आलं: 'आमच्या निरीक्षणांनुसार सुधारणा आढळून येत नाही.'

चौकोन ते पत्र चार घड्या घालून खिशात ठेवून हिंडत होता. त्याच्या पाट्यांवरची अक्षरं त्या आठवड्यात तिरकी यायला लागली. ते पाहून गोलभाऊंनी दुकान लवकर बंद केलं. "कसली सुधारणा पाहिजे यांना?" ते घरी बायकोवर ओरडले, जणू पत्र तिनंच लिहिलं होतं. "एवढा साधा माणूस! या खेपेला मी मॅडमना तोंडावर विचारणार."

आणि ते विचारणारच होते. मुलाखत संपली, नववी खूण दाबून झाली, गोलभाऊ घसा साफ करून उभे राहिले. तेवढ्यात कारकुनानं चौकोनच्या फॉर्माचं शेवटचं पान शाई सुकल्यावर काचेवर पालथं ठेवलं. कागद पातळ, शाई दणकून लिहिलेली, ती मागून उलटी दिसत होती. दुसऱ्या कुणाला ते मुंग्यांचं वारूळ वाटलं असतं. पण ज्यानं चाळीस वर्षं उलटी अक्षरं कोरली त्याला उलटं वाचायला आरसा लागत नाही. गोलभाऊंनी वर्तमानपत्र वाचावं तसं वाचलं: 'वर्तन: निघताना पेन टेबलावर ठेवल्याचा देखावा करतो. "पेन इथे ठेवलंय हं" असे मोठ्याने म्हणतो. तरीही संध्याकाळी दरवर्षी एक पेन कमी. आजवर एकूण बावीस.'

गोलभाऊंनी विचारायचं रद्द केलं. ते मॅडमना नमस्कार करून खाली आले. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे चौकोन दोन कप सांगून वाट बघत होता.

"लाज नाही वाटत?" गोलभाऊ सुरूच झाले. "बावीस पेनं! अरे एक पेन आवरत नाही तुला? मी इथे तुझ्यासाठी भांडायला निघालो होतो. मला तोंडघशी पाडलंस! कुणी बघितलं नाही, मोजलं नाही, असं वाटलं होतं काय तुला?"

चौकोननं कप खाली ठेवला. त्यानं गोलभाऊंच्या तोंडाकडे बघितलं, मग तोंडाच्या जरा बाजूला बघितलं, कानाच्या आसपास कुठंतरी. बराच वेळ बघितलं.

"बोल की आता!" गोलभाऊ म्हणाले.

"चहा निवतोय," चौकोन म्हणाला.

गोलभाऊ चहा न पिता तरातरा घरी आले. बायको शिवणाच्या मशीनवर बसली होती. तिनं वर न बघता हात लांब केला, नवऱ्याच्या कानावरचं पेन उचललं आणि मशीनच्या खणातल्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. डब्यात टक् असा आवाज झाला.

"ते काय टाकलंस?"

"पेन. यंदाचं."

"यंदाचं म्हणजे?"

"अहो, दरवर्षी त्या मुलाखतीहून एक पेन कानावर येतंच की तुमच्या. मला वाटलं, मानधन म्हणून देतात."

डबा उघडला. बावीस जुनी पेनं, एक नवं, आणि तळाशी बटणं. काही पेनं सुकलेली, काहींवरची अक्षरं पुसट, पण 'गुन्हेशास्त्र' एवढं तेविसांवरही वाचता येत होतं. गोलभाऊंनी डबा मांडीवर घेतला. बायकोला सगळं सांगितलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच," ती म्हणाली. "आणि वर त्यालाच शिव्या घालून आलात? कानावर पेन ठेवून?"

"तो माझ्या कानाकडेच बघत होता," गोलभाऊ म्हणाले, आणि त्यांना शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसेच उठून ते चौकोनच्या घरी गेले. तो अंगणात 'कुत्र्यापासून सावध राहा' सुकत घालत होता.

"तुला ठाऊक होतं?"

"तुझ्या कानाचं? पहिल्या वर्षापासून. आळ माझ्यावर घालतायत ते मात्र आज तुझ्याकडूनच कळलं."

"मग सांगितलं का नाहीस, गाढवा?"

चौकोननं ब्रश पुसला. "माझी सवय आत गेली रे. तिथं हातात घेतलेली प्रत्येक वस्तू दिसेल अशी ठेवावी लागते आणि ठेवली म्हणून सांगावं लागतं. सुटल्यावर पेन्सिल कानावर ठेवून बघितली, राहीचना. हात आपोआप टेबलाकडे जातो. तुझ्या कानावर दिसली की उस्तादांचा बाक आठवायचा. बरं वाटायचं. उगाच कशाला मोडा?"

आता गोलभाऊंपुढे पेच पडला. डबा घेऊन विभागात गेलं, तर चौकोनला दाखला मिळेल, पण मानपत्र जाईल, आणि गल्लीतला तपासलेला माणूस भुरटा चोर निघेल. डबा खणात राहिला, तर सगळं जागच्या जागी. फक्त चौकोनच्या नशिबी मरेपर्यंत 'फुले तोडू नयेत'. दोन दिवस त्यांनी दुकानात एक शिक्का धड कोरला नाही. 'शाखाधिकारी'मधला धि सुलटा कोरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा काखेत मारला, बटणं बायकोला काढून दिली आणि विभागात गेले.

मॅडमनी पेनं टेबलावर ओळीनं मांडली. दोनदा मोजली.

"हे शक्य नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही गट ब आहात. ब चोरी करत नसतो."

"केली खरी. कानानं केली, पण केली."

"तुम्ही दरवर्षी 'कधीच नाही' अशी खूण केलीत."

"त्याच पेनानं केली, मॅडम. तेव्हा ते अजून कानावर गेलं नव्हतं."

मॅडमनी चष्मा काढला. "पण मग तुमच्या फॉर्मात याची नोंद कशी नाही?"

कारकून खाकरला. "ब च्या फॉर्मात 'वर्तन' हा रकानाच नाही. छपाई वाचवायला आपणच काढला होता. पेन कमी झालं की लिहायला जागा फक्त अ मध्ये."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या आणि अचानक खूप थकलेल्या दिसायला लागल्या. "सगळ्या जोड्यांमध्ये माझा सिद्धान्त सतरामध्येच सगळ्यांत स्पष्ट दिसत होता," त्या हळूच म्हणाल्या. "दरवर्षी एक. इतकी नेमकी घसरण कुठेच नव्हती. तेवीस वर्षं मी काय मोजत होते?"

"पेनं, मॅडम," कारकून म्हणाला.

गोलभाऊंना त्यांची दया आली. सिद्धान्त हा आपला प्रांत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण आयुष्यभर एक शिक्का कोरावा आणि उमटवल्यावर अक्षर उलटं निघावं, हे दुःख त्यांना कळत होतं. ते म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला सुळी झाली, एवढंच. चोराला आणून बसवा त्या जागी. बाकी तुमचं गणित बरोबरच आहे की."

मॅडम एकदम सरळ बसल्या. "काय म्हणालात?"

कारकुनाचे डोळे चमकले. "अक्षरांची अदलाबदल! हे अ, ते ब. मग बघा: अ एकदा घसरला आणि दरवर्षी घसरतच राहिला. ब ला तीच संधी, तेच पेन, पण एकदाही नाही. आकडा एकही बदलायला नको."

"पण तो तुरुंगात जाऊन आलाय," गोलभाऊंनी आठवण करून दिली.

"ती मुलाखतीआधीची गोष्ट," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या गालांवर रंग आला होता. "आधी सिद्धान्त, मग पद्धत, मग माणूस. माणूस तिसऱ्या क्रमांकावर येतो, त्याला हलवता येतं. तुमची तयारी आहे ना? पुन्हा ब होता येणार नाही."

गोलभाऊंनी दाखल्याचं विचारलं. ब ला असा दाखला मागण्याची गरजच पडत नाही, पण मागितलाच तर लगेच देता येतो, असं कारकून म्हणाला. मग गोलभाऊंनी सही केली. सही झाल्यावर हात वर निघाला तो कारकुनानं हवेतच पकडला.

त्याच आठवड्यात मानपत्र उतरलं. इतक्या वर्षांत भिंत काळवंडली होती, त्यामुळे चौकटीखाली पांढरा स्वच्छ चौकोन निघाला. गिऱ्हाईक आलं की आधी त्या पांढऱ्या जागेकडे बघे, मग गोलभाऊंकडे, मग आपलं पाकीट चाचपे. साक्षीला कुणी नेईनासं झालं. "आता तुम्ही गुन्हेगार का?" बायकोनं विचारलं. "पेनांपुरता," गोलभाऊ म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं. रात्री जेवताना ते मान खाली घालून बसत. पण समोरच्या गल्लीत कपाटाएवढ्या जागेत चौकोनचं दुकान निघालं, आणि त्यानं पहिला शिक्का स्वतःच्या नावाचा कोरून स्वतःच्याच तळहातावर मारून आणला. अक्षरं ओळीत होती. त्या दिवशी गोलभाऊ दोनदा जेवले.

चोविसाव्या वर्षी तोच सोमवार, तोच बाक. दहा वाजता अ आत गेला. कारकून पूर्ण अर्धा तास गोलभाऊंच्या हातांकडे बघत होता. एकेचाळीस प्रश्न संपल्यावर गोलभाऊंनी पेन काचेच्या मधोमध ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पेन इथे ठेवलंय हं." कारकुनानं मान डोलावली आणि रकान्यात लिहिलं, 'देखावा'. ते समोरून उलटं दिसत होतं, म्हणून गोलभाऊंना सरळ वाचता आलं.

ते बाहेर बाकावर बसून राहिले. अकराला चौकोन बाहेर आला. वर्षभर बाक, ब्लेड आणि रबर यांच्यात गेलेल्या माणसाचा चेहरा होता तो; गुणगुणत होता. पांढऱ्या केसांत, उजव्या कानावर, पेन.

दोघं जिन्यापाशी आले तोच मागून कारकुनाची हाक आली. मोजणी आता संध्याकाळपर्यंत थांबत नव्हती.

"ओ सतरा अ! एक कमी आहे. खिसे दाखवा."

तो दोघांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. चौकोनचा कान त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. त्यानं तिकडे बघितलं नाही; ब कडे बघायचं काही कारणच नव्हतं. गोलभाऊंनी शर्टाचा खिसा उलटा केला, मग पँटचे दोन्ही. किल्ली निघाली, रुमाल निघाला, रबराचा भुसा निघाला. कारकुनानं नाइलाजानं मान हलवली आणि "नेहमीचंच" असं पुटपुटत तो लिहायला आत गेला.

"अरे कर्मा!" चौकोन जिन्यातच कडाडला. "पुन्हा? एवढं सगळं झाल्यावर पुन्हा? कुठं लपवलंस? अरे एक पेन आवरत नाही तुला?"

गोलभाऊंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग जरा बाजूला बघितलं. चौदा महिन्यांनी खाल्लेली सवय चोवीस वर्षांनी घरी आली होती. त्यांचे डोळे भरून आले.

"बोल की आता!"

"चल, चहा घेऊ," गोलभाऊ म्हणाले.

चहावाल्यापर्यंत चौकोन त्यांना झापत होता. बोलताना मान जोरजोरात हलत होती, म्हणून गोलभाऊ त्याच्या उजव्या बाजूनं चालत होते. पेन निसटलंच, तर झेलता आलं पाहिजे.